परदेशातील कंपनी आणि श्रावकाची मर्यादा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा पाठ)



संस्थेची पन्नास वर्षे ही समाजाच्या व्यापाराचीही पन्नास वर्षे आहेत. या काळात पेढीची गादी जाऊन काउंटर आला, रोजमेळ-खतावणीच्या जागी संगणक आला आणि गावच्या आठवडी बाजाराऐवजी भिवंडी, इचलकरंजी, सुरत हाच बाजार झाला. आता घरोघरी एक नवा प्रश्न उभा आहे. शिकून आलेला मुलगा म्हणतो, दुबईत कंपनी काढू. वडील म्हणतात, जिथे आपले कोणी नाही तिथे भांडवल कोणाच्या भरवशावर पाठवायचे? दोघांचेही म्हणणे खोटे नाही. म्हणूनच परदेशात कंपनी स्थापन करणे म्हणजे नेमके काय, तिचे नियम कोणते आणि बारा व्रते मानणाऱ्या गृहस्थाने तेथे कोणती मर्यादा पाळावी, याचा विचार या सुवर्णमहोत्सवी प्रसंगी होणे उचित ठरेल.

समुद्रापारची परंपरा

परदेशी व्यापार जैन समाजाला नवा नाही. उपासकदशांग सूत्रात वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाचे वर्णन येते. भगवान महावीरांच्या चरणी त्याने व्रते घेतली, तेव्हा दूरदेशीच्या प्रवासासाठी चार आणि स्थानिक वाहतुकीसाठी चार जहाजे, अशी आपल्या जहाजांची मर्यादा बांधून घेतली. जहाजे मुळीच ठेवणार नाही, असे तो म्हणाला नाही. किती ठेवणार, हे मात्र त्याने आधी ठरवले. या एका तपशिलात आजच्या विषयाचे सार आहे.

श्रीपाळ-मैनासुंदरीची कथा तर प्रत्येक घरात आयंबिलाच्या ओळीच्या निमित्ताने वाचली जाते. त्यातील धवल शेठ पाचशे जहाजांचा धनी. बब्बरकुल बंदरात त्याने राजाची जकात चुकवली आणि तो बांधला गेला. त्याला सोडवण्यासाठी श्रीपाळाला धावावे लागले. परक्या राज्यात व्यापार करावा, पण तेथील राजभाग बुडवू नये, हा धडा कथाकाराने किती पूर्वी देऊन ठेवला आहे!

अलीकडचा काळ पाहिला तरी तीच परंपरा दिसते. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या उभारणीत पुढाकार घेतला आणि ५ एप्रिल १९१९ रोजी त्या कंपनीचे 'लॉयल्टी' हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. पालनपूरचे जैन हिरे-व्यापारी बेल्जियममधील अँटवर्पला स्थिरावले. मोंबासा येथे १९६३ मध्ये, जपानमधील कोबे येथे १९८५ मध्ये आणि इंग्लंडमधील लेस्टर येथे १९८८ मध्ये जिनमंदिरे उभी राहिली. जिथे व्यापार गेला तिथे मंदिरही गेले, ही समाजाची शोभा आहे. मात्र या पूर्वजांच्या काळी पेढी माणसाच्या नावाने आणि शब्दाने चालत असे. आजची कंपनी कागदाने जन्मते. म्हणून कागद समजून घेणे प्राप्त आहे.

कंपनी ही वेगळी व्यक्ती

पेढी आणि तिचा मालक एकच. पेढी बुडाली की घरावर जप्ती येते. कंपनीचे तसे नाही. इंग्लंडमध्ये १८९६ साली सॉलोमन नावाच्या चामड्याच्या बुटांच्या व्यापाऱ्याच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला की, जवळजवळ सर्व शेअर एकाच माणसाचे असले, तरी कंपनी ही त्याच्याहून वेगळी व्यक्ती आहे. तिचे कर्ज ते तिचे, त्याचे नव्हे. जगभरच्या कंपनी कायद्यांनी हे तत्त्व थोड्याफार फरकाने स्वीकारले आहे.

याचा अर्थ व्यापाऱ्याने नीट ध्यानात घ्यावा. परदेशात कंपनी नोंदवणे म्हणजे तेथे शाखा उघडणे नव्हे. त्या देशात एका नव्या व्यक्तीला जन्म देणे आहे. तिचे राष्ट्रीयत्व त्या देशाचे, तिच्यावर हुकूम त्या देशाच्या कायद्याचा. तिच्या गल्ल्यातील पैसा मालकाचा नसतो, तिचा असतो. दुकानाच्या गल्ल्यातून घरखर्चाला उचल करण्याची आपल्याकडील जुनी सवय तेथे चालत नाही. पगार, लाभांश किंवा कर्ज, यांपैकी कोणत्या नावाने पैसा बाहेर काढला, हे वहीत लिहावेच लागते.

दुबईची वाट

परदेश अनेक आहेत. महाराष्ट्रातील कापड-व्यापाऱ्यांना जवळचा देश म्हणून संयुक्त अरब अमिरातीचे उदाहरण येथे घेतले आहे.

दुबई ही मुळात खाडीकाठची, मोत्यांच्या व्यापारावर जगणारी वसाहत. विसाव्या शतकाच्या आरंभी इराणने आपल्या बंदरांत जकात वाढवली, तेव्हा दुबईच्या शेखांनी आपल्याकडील जकात माफ केली आणि समोरच्या किनाऱ्यावरील लिंगे बंदरातले व्यापारी दुबईत येऊन राहिले. कमी कर आणि मोकळे बंदर हे धोरण तेव्हापासूनचे आहे. भारताशी नाते तर इतके निकटचे की, तेथे भारतीय रुपया चालत असे. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी निराळा रुपया काढला. १९६६ च्या अवमूल्यनानंतर दुबईने तो सोडला. २ डिसेंबर १९७१ रोजी अमिरातींचे संघराज्य झाले आणि १९७३ मध्ये दिऱ्हाम हे चलन आले.

१९७९ मध्ये जेबेल अली बंदर सुरू झाले आणि १९८५ मध्ये त्याच्या लगत मुक्त क्षेत्र स्थापन झाले. या क्षेत्रात परदेशी व्यक्तीला शंभर टक्के मालकीची कंपनी काढण्याची सोय होती. क्षेत्राबाहेर, म्हणजे मुख्य भूमीवर, १९८४ च्या कायद्यानुसार किमान ५१ टक्के भाग स्थानिक नागरिकाचा असणे आवश्यक होते.

या ५१ टक्क्यांच्या नियमातून एक अनिष्ट रीत रूढ झाली. दाखवण्याच्या कागदावर स्थानिक भागीदार ५१ टक्क्यांचा मालक. कपाटातल्या दुसऱ्या कागदावर लिहिलेले की, तो नावापुरता आहे, त्याला दरसाल ठराविक रक्कम मिळेल आणि बाकी सर्व परदेशी माणसाचे. अशा पडद्याआडच्या व्यवहारांविरुद्ध २००४ मध्ये तेथे कायदाही झाला. तंटा उभा राहिला की कपाटातला कागद न्यायालयात टिकेल याची शाश्वती नसे, आणि आयुष्यभराची कमाई सहीच्या एका फटकाऱ्यावर लोंबकळत राही. १ जून २०२१ पासून बहुतेक व्यवसायांना मुख्य भूमीवरही शंभर टक्के परदेशी मालकी खुली झाली. त्यामुळे आज कोणी सल्लागार 'नावापुरता भागीदार' सुचवू लागला, तर त्याला नम्रपणे रामराम करावा.

नोंदणीच्या पायऱ्या

पहिला निर्णय जागेचा. माल त्याच देशातील दुकानदारांना विकायचा असेल, तर मुख्य भूमीवरील कंपनी सोयीची. भारतातून किंवा अन्य देशांतून माल आणून आफ्रिका, इराक वा मध्य आशियाकडे रवाना करायचा असेल, तर मुक्त क्षेत्र उपयोगी. मुक्त क्षेत्रातील कंपनीला मुख्य भूमीवर माल विकायचा झाल्यास निराळी परवानगी अथवा तेथील वितरक लागतो आणि क्षेत्राबाहेर माल काढताना सीमाशुल्काचा प्रश्न येतो. 'ऑफशोअर' नावाचा तिसरा प्रकार आहे. त्यात तेथे दुकान मांडता येत नाही. दलाल तो स्वस्त म्हणून सांगतात, पण कापडविक्री करणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही.

दुसरा निर्णय व्यवसायाचा. लायसन्सवर व्यवसायाचे नाव नेमके लिहिलेले असते आणि त्याबाहेरचा धंदा करता येत नाही. पंधरा कर्मादाने वर्ज्य मानणाऱ्या श्रावकाला ही अडचण वाटण्याचे कारण नाही. पुढे लागेल म्हणून हस्तिदंत, मद्य वा विषारी रसायनांचा व्यापार यादीत घालून ठेवण्याचा मोह नोंदणीच्याच दिवशी टाळता येतो.

त्यानंतरचा क्रम साधारण असा असतो : नावाची मंजुरी, प्राथमिक परवानगी, घटनापत्रकावर सह्या, जागेचा भाडेकरार, लायसन्स, मालक-नोकरांचे व्हिसा आणि शेवटी बँकेचे खाते. राजभाषा अरबी असल्याने न्यायालयात अरबी मजकुरास प्राधान्य मिळते. म्हणून सही करण्यापूर्वी घटनापत्रकाचे भाषांतर स्वतंत्र जाणकाराकडून तपासून घ्यावे. भारतातील प्रमाणपत्रे तेथे वापरायची तर ती रीतसर प्रमाणित करून घ्यावी लागतात.

नवख्या व्यापाऱ्याची खरी परीक्षा बँकेत होते. लायसन्स काही दिवसांत हाती येते, पण खाते उघडण्यास कित्येकदा महिने लागतात. पैसा कोठून आला, माल कोणाकडून घेणार, कोणाला विकणार, कंपनीचा खरा मालक कोण, हे सर्व बँक विचारते. नियमांनुसार २५ टक्के वा अधिक मालकी असणाऱ्या खऱ्या व्यक्तींची नोंद कंपनीला ठेवावीच लागते. मार्च २०२२ ते फेब्रुवारी २०२४ या काळात हा देश काळ्या पैशावर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या करड्या यादीत होता. त्यानंतर बँकांची चौकशी अधिकच कडक झाली. ज्याची चोपडी स्वच्छ आहे, त्याला हे प्रश्न जाचत नाहीत.

कराविषयीचा भ्रम

'दुबईत कर नाही' हे वाक्य अजूनही लग्नसमारंभात ऐकू येते. ते आता खरे नाही. १ जानेवारी २०१८ पासून तेथे ५ टक्के मूल्यवर्धित कर आहे. १ जून २०२३ नंतर सुरू होणाऱ्या हिशेबी वर्षापासून ३,७५,००० दिऱ्हामच्या वरील नफ्यावर ९ टक्के कंपनी कर लागू झाला. मुक्त क्षेत्रात शून्य दर मिळतो तो ठराविक अटी पूर्ण करणाऱ्या उत्पन्नालाच, आणि त्यासाठी तपासलेले हिशेब व प्रत्यक्ष कामकाज दाखवावे लागते. कर द्यावा लागो वा न लागो, नोंदणी करावी लागते, विवरणपत्र भरावे लागते आणि हिशेबाची कागदपत्रे सात वर्षे जपावी लागतात.

मग लाभ कशात आहे? लाभ मोकळ्या बंदरात आहे, चहूकडे जाणाऱ्या जहाजांत आहे आणि दोन देशांतील करारात आहे. १ मे २०२२ पासून भारत आणि अमिरात यांच्यातील सर्वंकष आर्थिक भागीदारी करार अमलात आला. त्यामुळे भारतीय कापड आणि तयार कपड्यांवर पूर्वी लागणारे ५ टक्के आयातशुल्क माफ झाले. कापडासारख्या थोड्या नफ्याच्या धंद्यात ५ टक्के म्हणजे पुष्कळ झाले. मात्र त्यासाठी माल खरोखर भारतात तयार झाल्याचे उत्पत्ती-प्रमाणपत्र लागते.

घरच्या राज्याचे नियम

परदेशातील कायद्याची चौकशी सर्व करतात. भारतातील नियमांचा मात्र अनेकांना विसर पडतो. १ जून २००० पासून अमलात असलेला परकीय चलन व्यवस्थापन कायदा आणि ऑगस्ट २०२२ चे परदेशी गुंतवणुकीचे नियम ही घरची चौकट आहे.

भारतात राहणाऱ्या व्यक्तीला एका आर्थिक वर्षात सर्व कारणांसाठी मिळून २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. त्या मर्यादेत तिला परदेशात प्रत्यक्ष व्यवसाय करणाऱ्या कंपनीचे शेअर घेता येतात. गुंतवणूक कंपनी, एलएलपी किंवा नोंदणीकृत भागीदारी संस्था करणार असेल, तर तिच्या निव्वळ मालमत्तेच्या चौपटीपर्यंत पूर्वपरवानगीशिवाय करता येते. अनेक जुन्या पेढ्यांची भागीदारी नोंदलेलीच नसते; तिथे प्रथम ती नोंदणी करावी. पैसा अधिकृत बँकेमार्फतच जावा. बँकेकडून गुंतवणुकीचा विशिष्ट क्रमांक घ्यावा, शेअर मिळाल्याचा पुरावा सहा महिन्यांत द्यावा आणि जिथे लागू आहे तिथे दरवर्षी ३१ डिसेंबरपूर्वी कामगिरीचा अहवाल सादर करावा. पुतण्या सुट्टीला येताना रोख घेऊन गेला, किंवा मित्राने तिकडे भरले आणि इकडे वळते केले, ही हवालाची वाट आहे. तिला सोय म्हटले, तरी कायदा तिला गुन्हाच म्हणतो.

भारतात रहिवासी असलेल्याने परदेशातील शेअर आणि खाती आपल्या आयकर विवरणपत्रात दाखवावी लागतात. २०१५ च्या काळा पैसा कायद्यानुसार न दाखवल्यास दहा लाख रुपये दंड होऊ शकतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर वगळता, एकूण वीस लाखांपर्यंतच्या मालमत्तेला या दंडातून सवलत आहे. परंतु दाखवण्याचे कर्तव्य त्यामुळे संपत नाही. २०१८ पासून अमिरातीतील खात्यांची माहिती ठरलेल्या पद्धतीने इतर देशांना कळवली जाते. तिकडचे इकडे कळत नाही, हा काळ मागे पडला.

अचौर्याचे पाच अतिचार

येथवर कायद्याचा विचार झाला. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, ते जणू परदेशी कंपनी डोळ्यांसमोर ठेवूनच सांगितले असावेत असे वाटते.

पहिला स्तेनप्रयोग, म्हणजे चोरीला साह्य. दुसऱ्याचा काळा पैसा फिरवण्यासाठी आपल्या कंपनीचे खाते वापरू देणे हे त्यात येते. दुसरा तदाहृतादान, म्हणजे चोरीचा माल घेणे. बिलाशिवाय, निम्म्या भावात आलेला तागा कोठून आला हे न विचारणे, हेही तेच. तिसरा विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे राज्याचे नियम ओलांडून व्यापार करणे. येथे राज्ये दोन आहेत आणि दोन्हींचे नियम पाळावयाचे आहेत.

चौथा हीनाधिकमानोन्मान, म्हणजे मापात लबाडी. आज गज आणि तराजू कोणी खोटा ठेवत नाही. खोटे असते ते बिल. समजा, इचलकरंजीच्या एका पेढीने बाजारात मीटरला १०० रुपये भाव असलेले कापड आपल्याच दुबईच्या कंपनीला ८० रुपयांनी दिले आणि त्या कंपनीने ते १२० रुपयांनी विकले. मीटरमागे जे २० रुपये भारतात नफा म्हणून दिसायला हवे होते, ते समुद्रापार गेले. कापड पूर्ण मापाचे असले, तरी राज्याच्या वाट्याचे माप कमी भरले. आपल्याच दोन संस्थांमधील व्यवहार त्रयस्थाशी व्हावा तशा भावाने करावा, हा दोन्ही देशांच्या करकायद्यांचा दंडक आहे. सूत्रकारांचे सांगणेही याहून निराळे नाही.

पाचवा प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे एका मालाच्या नावाखाली दुसरा माल खपवणे. परदेशातून आलेल्या कापडाची घडी बदलून, त्यावर भारतीय शिक्का मारून शुल्कमाफी घेणे हे त्याचे आजचे रूप. आणि कपाटातला तो दुसरा कागद? त्याला सत्य अणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया असे स्वच्छ नाव दिलेले आहे. रोज प्रतिक्रमण करणाऱ्याने संध्याकाळी ज्याबद्दल मिच्छामि दुक्कडं म्हणायचे, तेच सकाळी ऑफिसात करू नये.

दिग्व्रत : आधी सीमा, मग प्रवास

श्रावकाच्या गुणव्रतांत दिग्व्रत आहे. दहा दिशांना किती दूर जायचे याची सीमा बांधून घेणे, हा त्याचा आशय. त्याच्या अतिचारांत क्षेत्रवृद्धी, म्हणजे ठरवलेली सीमा लोभाने वाढवणे, आणि स्मृत्यंतराधान, म्हणजे ठरवलेली सीमाच विसरणे, हे दोन सांगितले आहेत. परदेशी धंद्यात माणसे बुडतात ती बहुधा या दोन कारणांनी. दुबईचे ऑफिस स्थिरावण्यापूर्वी नैरोबीला दुसरे, मग तिसरे. उधारी पसरते, पुढच्या तारखांचे चेक साठतात आणि एक मोठा गिऱ्हाईक परागंदा झाला की साखळी तुटते. परक्या देशात वसुलीसाठी दारात जाऊन बसता येत नाही.

आनंद श्रावकाच्या वर्णनात आणखी एक तपशील आहे. त्याचे चार कोटी सुवर्ण ठेव म्हणून सुरक्षित होते, चार कोटी व्यापारात होते आणि चार कोटी घरसंसारात होते. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही वाटणी आजही व्यापाऱ्याला पुरेशी आहे. परदेशातील कंपनीत घालायचे ते व्यापाराच्या तिसऱ्या हिश्शातील. राहते घर, आईचे दागिने आणि बहिणीच्या लग्नाची ठेव गहाण टाकून लायसन्स काढू नये. मर्यादित दायित्वाचा कायदा कंपनीच्या कर्जापासून घर वाचवतो खरा. परंतु बँकेने मागितलेल्या वैयक्तिक हमीवर वडिलांनी सही केली, की ते संरक्षण त्या क्षणी संपते. ही गोष्ट वडीलधाऱ्यांना सही करण्यापूर्वी समजावून सांगणे, हे मुलाचे कर्तव्य आहे.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने कंपनी काढण्यापूर्वी एकत्र बसून चार गोष्टी लिहून ठेवाव्यात. जास्तीत जास्त किती भांडवल जाईल? किती वर्षे तोटा सोसायचा? शेअर कोणाच्या नावे असतील आणि त्या व्यक्तीचे काही बरेवाईट झाल्यास ते कोणाकडे जातील? भारतातील आई-वडिलांची काळजी कोण घेईल? तिसऱ्या प्रश्नासाठी त्या देशात रीतसर मृत्युपत्र नोंदवण्याची सोय आहे, तिचा लाभ अवश्य घ्यावा. चौथ्याचे उत्तर मात्र कोणत्याही नोंदणी कार्यालयात मिळत नाही. ते घरातच ठरावे लागते.

बंधू-भगिनींनो, तरुणांना अडवून ठेवण्याचा काळ हा नव्हे. त्यांनी जरूर जावे, भारतीय कापडाला नवे बाजार मिळवून द्यावेत, गावातल्या मागावर काम करणाऱ्याच्या हाताला त्यातून काम मिळावे. जाताना शिधा-शिदोरीबरोबर दोन वह्या न्याव्यात : एक हिशेबाची, एक व्रतांची. दोन्ही जुळल्या, तर परक्या भूमीवरही प्रतिष्ठेने मान वर ठेवता येईल. आणि ज्येष्ठांनी 'विश्वास कोणावर ठेवायचा' या आपल्या प्रश्नाचे उत्तर मुलाच्या स्वच्छ वहीत शोधावे.

पन्नास वर्षे धर्म आणि व्यवहार यांची सांगड घालणाऱ्या या संस्थेच्या पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा. युवकांसाठी विवेकपूर्ण मार्गदर्शनाचे काम तिच्या हातून उत्तरोत्तर घडत राहो, हीच जिनेश्वरचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र!